जेवणाचा सीन लांबतोय: एका विद्यार्थी लघुपटाच्या रफ कटचं प्रकरण

पेन ड्राइव्हवरच्या फाइलचं नाव होतं ‘फायनल रफ कट ३ नवीन’. लांबी २२ मिनिटं ४० सेकंद. पटकथा मात्र चौदा पानांची. पानाला मिनिट हा हिशेब कुठेच तंतोतंत लागत नाही, पण चौदाचे साडेबावीस होतात तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की.

मी पुण्यात संकलन करते. जाहिराती, मालिका, मिळाला तर सिनेमा. वर्षातून दोनदा कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या माध्यम विभागात मुलांच्या लघुपटांचे कच्चे कट बघायला जाते. त्यातलं हे एक प्रकरण. लिहून ठेवतेय, कारण यात मुलांइतकीच मीही चुकले, आणि तीच चूक मी याआधीही दोन-तीनदा केलेली आहे. मुलांची आणि महाविद्यालयाची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

गोष्ट इचलकरंजीतली. पन्नाशी ओलांडलेला एक मागवाला, घरचे चार साधे यंत्रमाग स्वतःच चालवणारा. साधे माग आता परवडत नाहीत, म्हणून ते भंगारात द्यायचे आहेत. भंगारवाला येऊन माग बघून जातो. त्याच दिवशी पुण्यात नोकरी करणारी मुलगी घरी येते, आणि रात्री जेवताना म्हणते, “अण्णा, माग विकू नका.” सकाळी माणसं येतात, घण आणि गॅस कटर लावून माग तोडतात, टेम्पोत भरतात. नंतर मुलीला बापाच्या पिशवीत एक धोटा सापडतो, मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा तो लाकडी तुकडा. संपलं.

गोष्ट चांगली आहे. हे आधीच सांगते, कारण कच्चा कट बघताना सगळंच वाईट दिसायला लागतं आणि मुळात हातात काय आहे हे माणूस दहा मिनिटांत विसरतो. दिग्दर्शक मुलगी इचलकरंजीचीच. तिच्या आजोबांचे माग ती तिसरीत असताना विकले गेले. कॅमेरा आणि संकलन वर्गातल्या दोन मुलांचं. शूटिंग चार दिवस, त्यातले दोन दिवस खऱ्या कारखान्यात. रशेस, म्हणजे शूट केलेलं सगळं कच्चं चित्रण, सहा तास दहा मिनिटांचे. विद्यार्थी १६ मिलिमीटर फिल्मवर शूट करायचे तेव्हा ४०० फुटांचं रीळ २४ फ्रेमच्या वेगानं अकरा मिनिटांत संपायचं. त्या हिशेबानं या मुलांना चौतीस रिळं लागली असती आणि कुठल्याही संस्थेनं ती दिली नसती. मेमरी कार्ड काही विचारत नाही. त्यामुळे सेटवर घ्यायचे निर्णय तसेच उचलून संकलनाच्या टाइमलाइनवर येतात, आणि संकलक बिचारा दिग्दर्शकाच्या वाटणीचंही कोडं सोडवत बसतो.

विभागाची अट पंधरा मिनिटांची, श्रेयनामावलीसकट. ऑस्करच्या लेखी चाळीस मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपटात मोडतो, पण कानच्या लघुपट स्पर्धेत पंधराच मिनिटं चालतात. विभागानं तिथूनच आकडा उचलला आहे. पोरं कानला जावोत न जावोत, आकडा चांगला आहे.

पहिल्या वेळी बघताना मी पेन हातात धरत नाही. वर्गातले दिवे बंद, खिडक्यांना चादरी, प्रोजेक्टरचा पंखा घोंगावतोय. मुलांना एकच अट घालते: मध्ये बोलायचं नाही. “मॅम, इथे म्युझिक येणार आहे” हेसुद्धा नाही. (ही अट चाळिसाव्या सेकंदाला मोडली गेली. ड्रोनच्या शॉटबद्दल कॅमेऱ्याच्या मुलाला सांगायचंच होतं की तो सहा हजारांत पडला.)

दुसऱ्या वेळी टाइमकोड, म्हणजे चालू मिनिट-सेकंदांचा आकडा, छापलेली फाइल लावते आणि फक्त वेळा लिहिते. कारणं लिहीत नाही. लक्ष कुठे उडालं, पाय कुठे हलवावासा वाटला, घड्याळाकडे नजर कुठे गेली, एवढंच. कारण लगेच सुचतं आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. हे मला माहीत आहे, तरीही पुढे काय झालं ते येईलच.

कट असा होता. पहिली १ मिनिट ५० सेकंदं ड्रोन, गावाची छपरं, सूर्योदय, नावं. त्यानंतर ३:४० पर्यंत बाप उठतो, दात घासतो, चहा पितो, चपला घालतो, कारखान्याकडे चालतो. ५:३० पर्यंत माग. ७:५० पर्यंत भंगारवाला. तिथून ११:३० पर्यंत जेवण. १७:०० पर्यंत तोडफोड. मग उरलेली पाच मिनिटं चाळीस सेकंदं सुना कारखाना, सुनं घर, धोटा, आणि सव्वा मिनिटाची नामावली, ज्यात आभार मानायचा कुणी राहिलेला नव्हता.

सुरुवातीच्या साडेतीन मिनिटांवर फार बोलायची गरज पडली नाही. विद्यार्थ्यांच्या लघुपटात माणूस उठतो, दात घासतो आणि चहा पितो, हे आता मी गृहीतच धरते. पटकथा ‘सकाळ’ या शब्दानं सुरू झाली की हे होतंच. मी विचारलं, “माग पहिल्यांदा कधी ऐकू येतो?” संकलक म्हणाला, “तीन चाळीसला.” “मग फिल्म तिथे सुरू होते.” ड्रोनवाला मुलगा गप्प झाला. त्याचं दुःख खरं होतं, सहा हजार रुपयेही खरे होते, पण दोन्ही पडद्यावर दिसत नाहीत.

खरं प्रकरण जेवणाच्या सीनचं.

वर्गातल्या सहा मुलांनी कट बघितला होता आणि सहाही जणांनी एकच तक्रार केली होती: जेवणाचा सीन लांबतोय. माझ्या कागदावरही ८:५५, ९:४० आणि १०:२० या तीन वेळा पडल्या होत्या, तिन्ही त्याच सीनमधल्या. सीन साधा आहे. बाप आणि मुलगी जमिनीवर समोरासमोर. भाकरी, आमटी, कांदा. मुलगी म्हणते, “अण्णा, विकू नका. मी पाठवतो की पैसे.” (कोल्हापूर भागात मुलीही ‘येतो, जातो’ म्हणतात. दिग्दर्शकानं हे जपलं होतं. डबिंगला पुण्याची मुलगी आणली असती तर आधी हेच गेलं असतं.) बाप बोलत नाही. नऊ सेकंदं त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा आहे. मग तो म्हणतो, “भाकरी घे.”

मी काय सांगितलं? सीन कापा. दोन मिनिटांच्या आत आणा, नऊ सेकंदांच्या तीन करा. आणि बापाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, म्हणून मुलीच्या आवाजात एक-दोन वाक्यांचं निवेदन टाकून बघा. आज हे लिहिताना कान लाल होतात. तेव्हा मात्र मी फार शहाण्यासारखी बोलत होते आणि मुलं भराभर लिहून घेत होती.

तीन आठवड्यांनी दुसरा कट आला. १८ मिनिटं २० सेकंदं. ड्रोन गेला होता, दात घासणं गेलं होतं. जेवणाचा सीन २ मिनिटं १० सेकंदांवर आला होता. त्यावर मुलीचा आवाज: “त्या रात्री अण्णा काहीच बोलले नाहीत.” पडद्यावर अण्णा काहीच बोलत नव्हते. म्हणजे दिसत होतं तेच ऐकूही येत होतं. आणि कट बघितलेल्या नव्या चार जणांची तक्रार होती, जेवणाचा सीन लांबतोय.

साडेतीन मिनिटांचा सीन लांबतो आणि दोन मिनिटांचा सीनही तेवढाच लांबतो, तेव्हा लांबीचा प्रश्न नाही, हे खरं तर मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. कळलं ते कॅन्टीनमध्ये.

मला एक सवय आहे. कट बघितलेल्या माणसाला “कसा वाटला?” विचारायचं नाही. त्याचं उत्तर “छान” किंवा “थोडा स्लो” असंच येतं आणि दोन्हींचा उपयोग शून्य. विचारायचं, “गोष्ट सांगा.” माणूस गोष्ट सांगायला लागला की तो कुठे अडखळतो, कुठे स्वतःच्या पदरचं घालतो, काय गाळतो, ते सगळं आपसूक बाहेर येतं. आणि हे माध्यमाच्या मुलांना विचारून भागत नाही, कारण ती गोष्ट सांगता सांगता ‘पेसिंग’वर घसरतात. म्हणून दुसरा कट आम्ही तिघांना दाखवला: विभागाचे लेखनिक, पहिल्या वर्षातली एक मुलगी, आणि कॅन्टीनचे मामा. मामांनी हात पुसत पुसत उभ्यानंच बघितला.

लेखनिकांनी गोष्ट नीट सांगितली. मुलीनंही. मामा जेवणापाशी आले आणि थांबले. म्हणाले, “म्हातारा बरा हाय. खरं त्यानं इकायचं ठरिवलं कवा? रात्री तर कायच बोलंना. आन् सकाळी टेम्पो दारात.”

मी दिग्दर्शक मुलीकडे बघितलं. “ठरलं कधी?”

“मॅम, भंगारवाल्याच्या सीनमध्येच की. तो इसार देतो ना.”

“कुठे देतो?”

ती संकलकाकडे बघायला लागली. संकलक जमिनीकडे. “तो शॉट एन.जी. होता, मॅम.” (एन.जी. म्हणजे ‘नो गुड’, बाद केलेला.)

म्हणजे आठ महिने ही गोष्ट जिच्या डोक्यात होती तिच्या लेखी इसार दिला गेलेला होता. तिनं तो लिहिला होता, शूट केला होता, प्रत्येक वेळी कट बघताना तिला तो मनातल्या मनात दिसत होता. पडद्यावर नव्हता. मला पटकथा दिली होती आणि मी ती चाळली होती, वाचली नव्हती. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

संकलनाची खोली म्हणजे विभागाची जुनी स्टोअररूम. विभागप्रमुख पाहुण्यांना हमखास सांगतात की प्रभात कंपनी १९२९ मध्ये याच गावात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तिच्या आवारात पुढे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. मग पाहुणे त्या खोलीत येतात आणि पंखा चालू करायला काठी शोधतात. तिथे आम्ही ‘एन.जी.’ नावाचा फोल्डर उघडला. तिसरा टेक, एक्केचाळीस सेकंदांचा.

भंगारवाला बोलता बोलता खिशातून नोटा काढतो, दुमडतो आणि बापाच्या सदऱ्याच्या खिशात स्वतःच्या हातानं सरकवतो. बापाचे हात वंगणानं काळे झालेले आहेत, म्हणून तो दोन्ही हात वर, बाजूला धरून उभा राहतो. झडती देणारा माणूस उभा राहतो तसा. भंगारवाला गेल्यावर तो मनगटानं खिसा एकदा दाबून बघतो. एवढंच. या फिल्ममधला तो सगळ्यात चांगला शॉट होता आणि फोल्डरात पडून होता, कारण नोटा खिशात जातात नेमकं तेव्हा वरून काठीला लावलेला बूम माइक फ्रेममध्ये उतरतो. कुणा सीनियरनं संकलकाला सांगून ठेवलं होतं, बूम दिसला की शॉट गेला.

शूटिंग फोर-के मध्ये होतं, म्हणजे ३८४० बाय २१६०. फिल्म जायची होती १९२० बाय १०८० मध्ये. शॉट दुप्पट मोठा करेपर्यंत चित्र फुटायची भीती नव्हती, आणि बूम वरच्या जेमतेम आठव्या हिश्श्यात होता. संकलकानं शॉट ११५ टक्के केला, वर सरकवला. बूम गेला. पंधरा सेकंदांचं काम. भंगारवाल्याची टोपी थोडी कापली गेली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आता जेवणाचा सीन पुन्हा लावला. काहीही न बदलता, निवेदन तेवढं काढून. मुलगी म्हणते, “विकू नका,” आणि बाप गप्प बसतो. आधी ते नुसतं गप्प बसणं होतं. माणूस विचार करतोय, ठरवतोय, आपण वाट बघतोय, आणि वाट बघणं लांबतं. आता आपल्याला माहीत आहे की पैसे घेऊन झालेत. तोच चेहरा, तीच नऊ सेकंदं, पण आता तो लेकीपासून लपवतोय. सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशॉव्हचा प्रयोग या मुलांना परीक्षेपुरता तोंडपाठ होता: एकच चेहरा, शेजारी कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, आणि बघणाऱ्याला वाटतं की नटानं अभिनय बदलला. आपल्याच टाइमलाइनवर तो घडताना बघून संकलक पोरगं चक्क हसलं.

मग सीन कापायचा सोडून आम्ही वाढवत गेलो. इथे आणखी एक गंमत झाली. सीनमध्ये बापाचा सदराही तोच आणि खिसा फुगलेला. तो होता नटाचा स्वतःचा चष्मा, काढायचा राहून गेलेला. कंटिन्युइटीची, म्हणजे शॉट-शॉटमधल्या मेळाची, चूक म्हणून मुलांनी तो लपवायला मिड शॉट टाळून सगळा सीन क्लोजअपवर रेटला होता. आता तो फुगलेला खिसाच हवा होता. मिड शॉट परत आले. “भाकरी घे” म्हणण्याआधीची नऊ सेकंदं अकरा झाली. सीन शेवटी ३ मिनिटं ५ सेकंदांवर थांबला. दुसऱ्या कटमधल्यापेक्षा पंचावन्न सेकंदांनी लांब, आणि त्यानंतर एकाही माणसानं तो लांबतोय असं म्हटलं नाही. मामांना पुन्हा दाखवला. ते खिशाच्या शॉटला म्हणाले, “हां. घेतलं बघ.” आणि जेवणाला काहीच बोलले नाहीत.

आवाजाची गोष्ट वेगळी आणि तितकीच महत्त्वाची.

तिसऱ्या वेळी मी कट आवाज बंद करून बघते आणि चौथ्या वेळी पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकते. ऐकताना ध्यानात आलं की या फिल्ममध्ये माग ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते इंटरनेटवरून उतरवलेलं पियानोचं संगीत, ‘तात्पुरतं’ म्हणून लावलेलं. तात्पुरतं संगीत हा मुलांच्या कटला लागलेला रोगच आहे. ते आठ आठवडे ऐकून कानात बसतं, मग संगीत करणाऱ्या मुलाला “असंच दे” सांगितलं जातं, आणि खाली सीन लंगडा असला तरी पियानो त्याला धरून नेतो. मी सगळे संगीताचे ट्रॅक म्यूट केले आणि कट पुन्हा लावला.

कारखान्याच्या सीनमध्ये बाप चारही माग थांबवतो, कारण भंगारवाला आलाय आणि माग चालू असताना शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. एकेक हँडल ओढतो. एक माग थांबतो, आवाज थोडा पातळ होतो. दुसरा. तिसरा. मग एकटा माग उरतो आणि पहिल्यांदाच त्याचा ठेका वेगळा ऐकू येतो. आम्ही मोजला: २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर दर दहा फ्रेमला एक ठोका, म्हणजे मिनिटाला दीडशे. मग तोही थांबतो. हे सगळं रशेसमध्ये होतं, एका सलग टेकमध्ये, एक मिनिट सहा सेकंदांचं. कटमध्ये दुसऱ्या मागानंतरच बापाच्या डोळ्यांचा क्लोजअप आणि पियानो. या फिल्ममधला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे माग थांबण्याचा आवाज, आणि तो पियानोखाली पुरला होता.

ठेका मोजल्याचा आणखी एक फायदा झाला. मागांच्या मोन्टाजमधले, म्हणजे भराभर बदलणाऱ्या शॉट्सच्या तुकड्यातले, कट कधी सात फ्रेमवर, कधी तेरावर पडले होते, आणि ते का खुपतात हे संकलकाला कळत नव्हतं. दहाच्या पटीत बसवले तसे ते शांत झाले. मग दोन ठिकाणी मुद्दाम बिघडवले, नाहीतर जाहिरात वाटायला लागली होती.

माग थांबल्यावर काय ऐकू येतं? दिग्दर्शक मुलगी म्हणाली, “शांतता.” भंगारवाल्याचा सीन स्वच्छ आवाजात मिळावा म्हणून मुलांनी शेजारच्या कारखानदारांच्या हातापाया पडून तासभर त्यांचे माग बंद ठेवायला लावले होते. माझ्या दृष्टीनंही ते शहाणपणाचंच होतं, संवाद त्यामुळेच वाचले. पण मी विचारलं, “इचलकरंजीत दुपारी शांतता असते?” ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “नाही. भिंतीपलीकडचे चालूच असतात.”

म्हणजे आपले थांबलेत आणि दुसऱ्याचे चालू आहेत. सगळी फिल्म त्या एका आवाजात होती. पुढच्या रविवारी ध्वनिमुद्रणाचा मुलगा बसनं इचलकरंजीला गेला, बंद कारखान्यात उभा राहून भिंतीतून येणारा शेजारच्या मागांचा आवाज तीन मिनिटं मुद्रित करून आला. रूम टोनही, म्हणजे त्या जागेचा रिकामा आवाजही आणला, जो शूटिंगच्या चारही दिवसांत कुणी घेतला नव्हता. तो भिंतीपलीकडचा ठोका आम्ही भंगारवाल्याच्या अख्ख्या सीनखाली घातला, आणि जेवणाखालीही, अगदी बारीक. पियानो गेला. संगीत करणारा मुलगा काही दिवस माझ्याशी बोलला नाही.

तोडफोडीच्या साडेपाच मिनिटांचं फार सांगण्यासारखं नाही. घण, ठिणग्या, घण, ठिणग्या. शूट करताना मजा आली की ती कटमध्ये लांबते, हे नेहमीचंच. तो भाग ३ मिनिटं २० सेकंदांवर आला. त्यातले दोन शॉट फोनवर घेतलेले होते आणि ते आपोआपच बाद झाले: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, फोनचा शटर १/६० वर, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकत होते. तिसरा, चार मिनिटांचा सलग शॉटही फोनचाच, त्यात घण आधी पडायचा आणि आवाज नंतर. फोनच्या व्हिडिओत फ्रेमचा वेग स्थिर नसतो, तो आधी २५ वर पक्का करून मग टाइमलाइनवर घ्यावा लागतो. मुलं महिनाभर हातानं सिंक जुळवत बसली होती.

आता मार्कांचं. विभागाच्या तक्त्यात शंभरापैकी तीस मार्क तांत्रिक बाजूला, वीस कथेला, बाकीचे छायाचित्रण, ध्वनी, संकलन वगैरेंत वाटलेले. कच्चा कट बघूनही अंतर्गत गुण द्यावे लागतात. तक्त्यानं पहिल्या कटला मी ५८ दिले होते. दुसऱ्या कटला, म्हणजे माझा सल्ला ऐकून बिघडवलेल्या कटला, तक्ता ६४ देत होता. ड्रोन गेला, लांबी घटली, सिंक सुधारला, मार्क वाढले. फिल्म होती तिथेच होती. मी ६४ लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की यातल्या सहा वाढीव मार्कांचा फिल्मशी संबंध नाही. विभागप्रमुखांनी फोन करून विचारलं, हे असं कसं लिहिता? मी म्हटलं, तक्ता बदला. तक्ता अजून तोच आहे.

अंतिम लांबी १४ मिनिटं ४८ सेकंद. सकाळचे वीस सेकंद राहिले, तेही तोडफोडीच्या सकाळी लावलेले: बाप उठतो आणि चपला घालत नाही, एवढंच. दिग्दर्शकाशी माझं शेवटपर्यंत जमलं नाही ते एकाच जागी. मुलीला पिशवीत धोटा सापडतो तो शॉट. माझं म्हणणं, ती पिशवीत हात घालते आणि लाकडाचा आवाज येतो, तिथेच काळं करा. तिचं म्हणणं, धोटा दिसलाच पाहिजे, आमच्या घरात तो अजून देवघराशेजारी आहे. माझ्या मते त्यात आठ सेकंदं जास्त आहेत. पण फिल्म तिची, आणि माझा एक सल्ला ऐकून तिचे तीन आठवडे गेले होते. मी हट्ट सोडला.

विभागातल्या प्रदर्शनाला तिनं ज्यांचा कारखाना वापरला होता ते काका इचलकरंजीहून आले होते. स्वच्छ पांढरा सदरा, पहिल्या रांगेत, मांडीवर हात. माग थांबताना त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता, ते त्यांना बहुधा कळतही नव्हतं. खिशात नोटा गेल्या तेव्हा ते खाकरले. शेवटचा शॉट आला. मुलीनं धोटा हातात घेतला, छातीशी धरला. काका शेजारच्या माणसाला म्हणाले, आणि मागवाल्यांना मोठ्यानं बोलायची सवय असते, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं:

“उलटा धरलाय की ओ पोरीनं.”

धाग्याच्या कांडीची बाजू खाली होती. आठ महिन्यांत, तीन कटांत, ना दिग्दर्शकानं बघितलं होतं, ना मी. दिवे लागल्यावर ती थेट स्टोअररूममध्ये गेली. दुसऱ्या टेकमध्ये धोटा सुलटा आहे, पण फोकस किंचित हुकलेला.

तोच लावला.